एक फोन, एक स्पीकर आणि इंग्रजीचा तास: ऑनलाइन साहित्य वर्गात कसं वापरावं

मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवायला तुम्ही नुकतीच सुरुवात केली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. हाताशी स्वतःचा फोन, एखादा ब्लूटूथ स्पीकर, फार तर शाळेचा टीव्ही. नेट कधी असतं, कधी नसतं. तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची. एवढंच गृहीत धरून पुढचं लिहिलं आहे. संगणक कक्ष असेल तर उत्तमच, पण त्यावाचून काही अडत नाही.

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सहावीत बसलेलं मूल पाच वर्षं हा विषय शिकून आलेलं असतं. धडे वाचून झालेले असतात, प्रश्नोत्तरं वहीत उतरवलेली असतात. तरी "व्हॉट डिड यू ईट धिस मॉर्निंग?" असं विचारलं की वर्ग गप्प. याचं मोठं कारण म्हणजे त्या मुलानं इंग्रजी ऐकलेलंच फार कमी असतं. घरी नाही, गल्लीत नाही, आठवडी बाजारात नाही. जे काही कानावर पडतं ते शिक्षकाच्या तोंडून, आणि तेही लगेच मराठीत उलगडून सांगितलेलं. ही उणीव भरून काढायला ऑनलाइन साहित्याइतकं स्वस्त साधन आपल्या हाती आजवर आलेलं नव्हतं. म्हणूनच ते नीट वापरता येणं फार महत्त्वाचं आहे.

नीट वापरायचं म्हणजे थोडं वापरायचं. दोन मिनिटांची ध्वनिफीत आणि तिच्याभोवती अर्धा तास मुलांचं ऐकणं, बोलणं, लिहिणं. याच्या उलट, अर्धा तास व्हिडिओ आणि शेवटी "समजलं का?" "होऽऽ" असं झालं, तर तो तास गेलाच म्हणून समजा.

आधी पुस्तक उघडा, मग फोन

बहुतेकजण यूट्यूबपासून सुरुवात करतात. 'पास्ट टेन्स फॉर किड्स' असं काहीतरी शोधायचं, रंगीबेरंगी व्हिडिओ दिसला की दाखवायचा. मग त्यातलं कार्टून मूल बर्फात खेळत असतं, आजीकडे केक खायला जात असतं, आणि आपल्या धड्यात असतो जत्रेचा प्रसंग. मुलांची करमणूक होते, पण पुस्तकातल्या धड्याशी त्याचा धागा जुळत नाही.

म्हणून पहिली पायरी कागदावरची. घटक उघडा आणि टाचणात सगळ्यात वर एकच वाक्य लिहा: तासाच्या शेवटी मुलाला काय जमायला हवं? 'साधा भूतकाळ' असं लिहू नका, ते व्याकरणाचं शीर्षक झालं. 'काल शाळा सुटल्यावर काय काय केलं ते चार वाक्यांत सांगता येईल' असं लिहा. हे वाक्य पक्कं असलं की शोधायचं काय ते आपोआप ठरतं आणि काय टाकून द्यायचं तेही.

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी मंचावरचं साहित्य उघडतं. दीक्षा 2017 पासून आहे. त्यावरचं सगळंच सारख्या दर्जाचं नाही, काही व्हिडिओ म्हणजे फळ्यावरचं व्याख्यानच असतं. पण ते आपल्याच पाठाला जोडलेलं असतं, म्हणून आधी तिथे एक नजर टाका.

शोधायचं कुठे

मोजक्याच जागा ठेवा. पन्नास संकेतस्थळांची यादी जवळ असलेल्या शिक्षकाला ऐन वेळी एकही सापडत नाही.

गोष्टींसाठी 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचं स्टोरीविव्हर. 2015 मध्ये सुरू झालेला हा मंच आपल्या मुलांसाठी मला सगळ्यात मोलाचा वाटतो. चित्रांतली माणसं, घरं, जनावरं ओळखीची असतात. गोष्टी चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. पहिली पातळी अडीचशे शब्दांच्या आतली, सोप्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची. दुसरी साधारण सहाशे शब्दांपर्यंतची. एकच गोष्ट अनेकदा मराठीतही असते आणि इंग्रजीतही. काही गोष्टींना आवाजही आहे आणि वाचल्या जाणाऱ्या शब्दाचा रंग बदलत जातो. पीडीएफ उतरवून घेता येते.

गाणी, छोट्या गोष्टी आणि छापून वाटायच्या सरावपत्रकांसाठी ब्रिटिश कौन्सिलचं लर्नइंग्लिश किड्स. त्यांचंच टीचिंगइंग्लिश हे संकेतस्थळ शिक्षकांसाठी आहे, तिथे तयार पाठनियोजनं मिळतात. ती जशीच्या तशी आपल्या साठ मुलांच्या वर्गात चालत नाहीत, पण एखादा उपक्रम उचलता येतो.

आठवीच्या पुढच्या मुलांसाठी बीबीसी लर्निंग इंग्लिश. त्यातला 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम तर शिक्षकानं स्वतःसाठी ऐकावा असा आहे. दोघे निवेदक एका विषयावर गप्पा मारतात, त्यात सहा नवे शब्द येतात, आणि संपूर्ण संहिता सोबत दिलेली असते. एवढ्या जागा सुरुवातीला पुरेत.

पारख

साहित्य सापडलं की त्यातले कोणतेही सलग शंभर शब्द घ्या. तुमच्या वर्गातल्या मधल्या फळीतल्या मुलाला (पहिल्या बाकावरच्या नव्हे) त्यातले किती शब्द अडतील ते पेन्सिलीनं खुणावा. पाचपेक्षा जास्त खुणा झाल्या, तर ते साहित्य त्या वर्गासाठी जड आहे. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला शंभरातले साधारण 98 शब्द ओळखीचे लागतात. वर्गात शिक्षक मदतीला असतो, म्हणून पाचपर्यंतची सूट.

या शब्दमोजणीची मुळं आपल्या उपखंडात आहेत. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला अध्यापक महाविद्यालयात होते. बंगाली मुलांना इंग्रजी पुस्तकं पेलत नाहीत हे 1920 च्या दशकात त्यांनी जवळून पाहिलं, आणि मोजक्या, नेहमीच्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला तयार केली. पुढे 1953 मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आजच्या अनेक शब्दयाद्या तिच्यावरूनच आल्या आहेत. हातानं मोजायला वेळ नसेल तर ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीजच्या संकेतस्थळावर टेक्स्ट चेकर आहे. मजकूर त्यात चिकटवला की कोणता शब्द कोणत्या पातळीचा ते दिसतं.

शब्दांनंतर आवाज. डोळे मिटून ऐका. पार्श्वसंगीत मोठं असेल तर सोडून द्या, वर्गाच्या गोंगाटात आणि पत्र्याच्या छपराखाली त्यातला एक शब्दही कळणार नाही. बोलण्याचा वेग जास्त असेल तर यूट्यूबवर तो पाऊण करता येतो. त्याहून कमी केला की आवाज ओढल्यासारखा येतो आणि मुलं हसण्यातच रमतात. भारतीय उच्चारातलं साहित्य कमी दर्जाचं समजू नका. सुरुवात त्यानंच करा. मुलाला पुढे आयुष्यात ज्यांच्याशी इंग्रजीत बोलावं लागेल ती बहुतेक माणसं तमिळ, बंगाली, गुजराती असतील. ब्रिटिश आणि अमेरिकी आवाज नंतर येऊ द्यात. स्पेलिंगचा मात्र एक मुद्दा ध्यानात ठेवा: आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश स्पेलिंग वापरतात. अमेरिकी व्हिडिओत 'कलर' आणि 'सेंटर' वेगळे लिहिलेले दिसले की मुलं गोंधळतात. आधीच सांगून ठेवलं की झालं.

नेटवर विसंबू नका

जे वर्गात लागणार ते आदल्या दिवशी उतरवून घेतलेलं असावं. फोनमध्ये एक प्रत, पेनड्राइव्हवर दुसरी. यूट्यूबच्या ॲपमध्ये अनेक व्हिडिओ ऑफलाइन ठेवता येतात. तेही घरून निघण्याआधी एकदा विमानमोड लावून चालवून बघा.

वीज आणि नेट यांच्यापलीकडेही एक कारण आहे. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी प्रसारण संस्थेनं 1959 मध्ये परदेशी श्रोत्यांसाठी साध्या, सुमारे दीड हजार शब्दांतल्या, सावकाश वाचलेल्या इंग्रजी बातम्या सुरू केल्या. जगभरच्या शिक्षकांनी त्या साठेक वर्षं वापरल्या. मार्च 2025 मध्ये त्या संस्थेचं जवळजवळ सगळं काम अचानक थांबवण्यात आलं. आज आहे ते पुढच्या जूनमध्ये असेलच असं नाही, म्हणून चांगलं काही सापडलं आणि परवानगी असेल तर लगेच जतन करा.

स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला की पुढच्या दोन रांगांना ऐकू येतं आणि मागे कुजबुज सुरू होते. तो वर्गाच्या मध्यभागी, एखाद्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा. मधल्या सुट्टीत स्वतः शेवटच्या बाकावर बसून ऐका. खिडकीबाहेर ट्रॅक्टर चालू असेल तेव्हा ऐका.

एक तास जवळून: रेल्वेची घोषणा

आता प्रत्यक्ष तास. इयत्ता सहावी किंवा सातवी. टाचणातलं वाक्य: 'घोषणा ऐकून गाडीचा क्रमांक, कुठून कुठे आणि कोणत्या फलाटावर हे सांगता येईल.'

महाराष्ट्रातल्या स्थानकांवर हीच घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. अशा घोषणांच्या ध्वनिफिती ऑनलाइन भरपूर आहेत. अर्ध्या मिनिटाचा स्वच्छ इंग्रजी तुकडा निवडा. जवळपास स्थानक असेल तर स्वतः जाऊन ऐका, ऐकलेली वाक्यं टिपून घ्या आणि तशीच घोषणा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. दोन्ही चालतं.

फोनला हात लावण्याआधी पाच मिनिटं बोला. फळ्यावर एक आडवी रेघ मारा, एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला पुणे. "डेक्कन क्वीन कुणी पाहिली आहे?" विचारा. मुंबईहून पुण्याला येणाऱ्या या गाडीचा क्रमांक 12123 आहे. तो इंग्रजीत कसा सांगतात? "ट्वेल्व्ह थाउजंड..." अशी सुरुवात कुणीतरी करतंच. तेव्हा सांगा की गाडीचा क्रमांक एकेक आकडा सुटा करून म्हणतात: वन टू वन टू थ्री. मग मुलांना आपापल्या घरचा फोन नंबर तसाच सुटा म्हणू द्या. नवे शब्द तीनच: प्लॅटफॉर्म, अराइव्ह, लेट. त्यातले दोन मुलांच्या तोंडी आधीच असतात.

पहिल्यांदा ऐकवताना एकच प्रश्न द्या: "किती आकडे ऐकू आले?" बस. मुलं बोटांवर मोजतात. मान खाली घालून बसणारं मूलही यात भाग घेतं, कारण यात चुकण्यासारखं फारसं काही नसतं.

दुसऱ्यांदा ऐकवण्याआधी वहीत चार रकाने आखायला सांगा: नंबर, फ्रॉम, टू, प्लॅटफॉर्म. आता ऐकवा. मग शेजाऱ्याशी ताडून बघू द्या. इथे मराठीतून वाद होतो, होऊ द्या. "अरे फोर नाही, फाइव्ह म्हणाली ती!" असं कुणी म्हणालं की उत्तर सांगू नका, पुन्हा ऐकवा. हे तिसरं ऐकणं मुलांनी मागून घेतलेलं असतं, म्हणून सगळ्यात जास्त कान देऊन होतं. शिक्षकानं उत्तर लगेच फळ्यावर लिहिलं, तर हे तिसरं ऐकणंच नाहीसं होतं.

आता संहिता फळ्यावर लिहा. "मे आय हॅव युवर अटेन्शन प्लीज. ट्रेन नंबर वन टू वन टू थ्री फ्रॉम मुंबई टू पुणे इज अरायव्हिंग शॉर्टली ऑन प्लॅटफॉर्म नंबर फोर." तुमच्या ध्वनिफितीत असेल तसं. एकदा सगळ्यांनी मिळून म्हणा. मग मुंबई, पुणे, क्रमांक आणि फलाट पुसून टाका. आता दोघादोघांच्या जोड्या: एकानं घोषणा करायची, दुसऱ्यानं चार रकाने भरायचे. गावं मुलांच्या मनाची. नांदेड, मिरज, वर्धा, कुणी मामाच्या गावाला नसलेली गाडीही सोडतं. नाक दाबून, लाउडस्पीकरचा आवाज काढून घोषणा करणारा एक तरी निघतोच. त्याला पुढे बोलवा, सगळ्या वर्गाला त्याची घोषणा लिहून घेऊ द्या.

या तासात ध्वनिफीत एकूण दोन मिनिटंही वाजत नाही. बाकीचा सगळा वेळ इंग्रजी मुलांच्या तोंडी आणि वहीत असतं. दक्षिण भारतात 1979 ते 1984 या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी साध्या शाळांमध्ये जो बंगळूर प्रकल्प राबवला, त्यातही मुलं वेळापत्रकं आणि नकाशे यांवरून कोडी सोडवायची. लक्ष काम पुरं करण्याकडे असलं की भाषा त्या ओघात शिकली जाते, हा त्यामागचा विचार. चाळीस वर्षांनंतरही आपल्या वर्गांना तो लागू पडतो. तेव्हा त्यांच्याकडे ध्वनिफीत नव्हती, आपल्याकडे आहे.

गावाला रेल्वे नसेल तर फोन लागला नाही की ऐकू येणारा आवाज घ्या. "द नंबर यू आर ट्राइंग टू कॉल इज स्विच्ड ऑफ." बंद आहे, व्यस्त आहे, संपर्कक्षेत्राबाहेर आहे: या तिन्ही गोष्टी मुलांना मराठीत पाठ असतात. त्या तीन इंग्रजी वाक्यांवर असाच पूर्ण तास उभा राहतो.

गोष्ट घेताना

स्टोरीविव्हरवरची पहिल्या पातळीची गोष्ट टीव्हीवर दाखवायची असेल तर मजकूर झाकून आधी फक्त चित्रं दाखवा. "व्हॉट डू यू सी?" मुलं सुटे शब्द म्हणतील: डॉग, ट्री, वॉटर. ते फळ्यावर लिहा. मग गोष्ट सलग ऐकवा, मध्ये न थांबता.

मराठी वापरायचं की नाही हा प्रश्न इथे येतो. कच्चा वर्ग असेल तर गोष्ट आदल्या दिवशी परिपाठात मराठीतून सांगून टाका, त्यात काही गैर नाही. गोष्ट ठाऊक असलेलं मूल इंग्रजीतले शब्द त्या ओळखीच्या जागी बसवत जातं. पण एक वाक्य इंग्रजी, लगेच त्याचं मराठी, पुन्हा एक वाक्य इंग्रजी, ही पद्धत कटाक्षानं टाळा. दोन-चार वाक्यांत मुलांना कळतं की खरी गोष्ट मराठीत येणार आहे. मग ती इंग्रजी वाक्यापुरते कान मिटून घेतात.

नंतरचं काम वहीत: चार चित्रं, प्रत्येकाखाली एक वाक्य. किंवा शेवट बदलायचा. स्टोरीविव्हरवरच्या गोष्टी मोकळ्या परवान्याखाली असल्यानं वर्गानं बदललेली गोष्ट छापून भिंतीवर लावायलाही अडचण नाही, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं आणि प्रकाशकाचं नाव लिहा, परवान्याचा उल्लेख करा आणि गोष्ट बदलली आहे तेही नोंदवा.

उच्चारांचं साहित्य निवडून घ्या

ऑनलाइन उच्चारांचे सराव साऱ्या जगासाठी बनवलेले असतात. त्यातला बराच भाग आपल्या मुलांच्या उपयोगाचा नाही. 'र' आणि 'ल' यांतल्या फरकावर ढिगानं व्हिडिओ आहेत. ते इंग्रजी शिकणाऱ्या जपानी लोकांसाठी. मराठी मुलाला तिथे काहीच अडचण नसते, त्यावर तास घालवू नका. 'बॅट' आणि 'बेट' यांतल्या स्वरासाठी आपल्या लिपीत स्वतंत्र खूण आहे, तिचा फायदा घ्या.

आपली खरी अडचण कुठे? 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' इथे. मराठीत दोन्हीला एकच व. व्हिडिओत बोलणाऱ्याचे ओठ जवळून दिसत असतील असा तुकडा शोधा: एकात ओठांचा चंबू होतो, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आवाज बंद करून दाखवा आणि कोणता शब्द ते ओठांवरून ओळखायला लावा. मुलांना हा खेळ फार आवडतो.

दुसरी जागा 'शिप' आणि 'शीप'. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहितो, पण बोलताना तो फरक बहुतेकांचा पुसट झालेला आहे. तिसरी, 'झू' मधला पहिला आवाज. तो शिकवायला कोणत्याही व्हिडिओची गरज नाही. 'जेवण' मधला ज आणि 'जुना' मधला ज मुलांना म्हणायला सांगा. 'झू'चा आवाज 'जुना'च्या जवळचा आहे. तो त्यांच्या तोंडात आधीपासून आहे, फक्त दाखवून द्यायचा.

शब्दातला आघात सगळ्यात दुर्लक्षित. 'फोटोग्राफ' मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फटॉग्रफर' मध्ये दुसऱ्यावर. ऑनलाइन शब्दकोशात प्रत्येक शब्दाला आवाजाचं चिन्ह असतं. रोज तीन शब्द ऐकवा, जोराच्या जागी टाळी. तीन मिनिटांचं काम.

व्याकरणाचे सराव

पर्याय निवडा आणि बटण दाबा, असे सराव अक्षरशः हजारो आहेत. उजळणीला ठीक. पण आपल्या मुलांच्या खास चुका त्यांत येत नाहीत, कारण त्या मराठीतून येतात. "माय फादर आर गोइंग" हे वाक्य बघा: बाबांना आदरार्थी बहुवचन लावायची सवय. खुर्चीला इंग्रजीत 'शी' म्हणणं, कारण मराठीत वस्तूलाही लिंग असतं. "आय मँगो ईट", कारण आपलं क्रियापद शेवटी. 'अ' आणि 'द' गाळणं, कारण मराठीत ते नाहीतच. यासाठी सराव तुम्हीच बनवा, ऐकवलेल्या गोष्टीतलीच वाक्यं घेऊन. दहा वाक्यं पुरतात.

एआयची मदत इथे होते. चॅटबॉटला नेमकं सांगावं लागतं: सहावीची मुलं, ऐंशी शब्दांचा परिच्छेद, आठवडी बाजाराचा प्रसंग, साधा भूतकाळ, आणि धड्यातले हे दहा शब्द आलेच पाहिजेत. नुसतं 'इझी पॅसेज' मागितलं तर पार्क, पिकनिक आणि सँडविच येतं. आलेला मजकूर प्रत्येक वेळी ओळ न ओळ वाचा. अवघड शब्द हळूच शिरलेले असतात, भाजीचे भाव भलतेच असतात. व्याकरणाचा नियम विचारला तर उत्तर ठाम सुरात येतं, पण ते दरवेळी बरोबर असेलच असं नाही. चांगल्या व्याकरणाच्या पुस्तकातून ताडून घ्या.

घरी काय पाठवायचं

घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर असतो. म्हणून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकून तो गृहपाठ समजू नका. एक-दीड मिनिटाची ध्वनिफीत पाठवा. ती कमी डेटात उतरते आणि रात्री जेवताना सगळ्या घरानं ऐकली तरी चालते. ऐकता आली नाही म्हणून कुणाला उभं करू नका. दुसऱ्या दिवशी वर्गात तीच परत वाजवायची.

हक्क आणि मुलांची माहिती

1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या 52 व्या कलमानं शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात साहित्याची प्रत वापरायची मुभा दिली आहे. वर्गात वाजवणं, सरावपत्रकावर उतारा घेणं यात बसतं. तोच व्हिडिओ आपल्या चॅनेलवर चढवणं यात बसत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स (म्हणजे ठरावीक अटींवर वापरायचा मोकळा परवाना) असं लिहिलेलं असेल तर कोणत्या अटी आहेत ते वाचा: काहींत फक्त नाव द्यावं लागतं, काहींत बदल करायला किंवा विकायला मनाई असते.

मुलांच्या नावानं खाती उघडू नका. बऱ्याच सेवांना किमान तेरा वर्षांची अट आहे, आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठराच्या आतल्या सगळ्यांना बालक मानून पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. मुलाचं इंग्रजीतलं भाषण रेकॉर्ड केलं तर ते त्याला ऐकवा, पालकांना ऐकवा. समाजमाध्यमांवर टाकायची घाई करू नका. अडखळत बोललेलं एखादं वाक्य गावभर फिरलं, तर ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही.

नोंदवही

प्रत्येक ध्वनिफितीमागे एक ओळ लिहा: नाव, कुठून घेतली, किती मिनिटं, कोणत्या इयत्तेला, कोणते शब्द अडले, पुन्हा वापरावी का. फाइलचं नावही तसंच द्या, 'सहावी रेल्वे घोषणा' असं. 'व्हिडिओ 0047' या नावाची फाइल ऐन तासाला कधीच सापडत नाही. चांगली ध्वनिफीत एकदाच वापरून सोडू नका. रेल्वेची तीच घोषणा दिवाळीनंतर पुन्हा काढा, या वेळी "ट्रेन इज रनिंग लेट बाय थर्टी मिनिट्स" आणि "द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड" ही वाक्यं जोडून. पहिल्या खेपेला आकडेच मोजणारी मुलं आता पूर्ण वाक्यं पकडतात.

सुरुवात आठवड्याला एका तासानं करा. दोन-तीन महिन्यांत दहा-बारा पारखलेल्या ध्वनिफिती जमतात, आणि वर्षाला तेवढ्या पुरतात. केंद्रातल्या शिक्षण परिषदेला जाताना पेनड्राइव्ह सोबत न्या, दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांशी अदलाबदल करा. बदली झाली तर नोंदवही आणि पेनड्राइव्हची प्रत तुमच्या जागी येणाऱ्याला देऊन जा.